तव्यावरच्या मिरच्या

काल सिल्व्हर पार्कच्या आमच्या जिन्यात गांजाचा वास आला आणि मला केबिन रोडची जुनी खोली आठवली.

तिथे एका संध्याकाळी धाकटा भाऊ संदीप कॉलेजातून लाल डोळ्यांनी आला होता. आईने त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. "एवढ्या मिरच्या जळल्या, पण ठसका नाही. बघ, केवढी नजर लागलेली पोराला." संदीप भिंतीला टेकून उगाच हसत होता.

त्याच्या शर्टाचा वास मी ओळखला. पण घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, दुसरा तो होणार होता. "अभ्यासाने थकलाय गं," मी म्हणालो.

पुढे संदीपशी भिंतीतून माणसं बोलू लागली. डॉक्टर म्हणाले, गांजाने असं होऊ शकतं. आधी कुणाला कळलं नाही?

"कळलं असतं तर आमच्या दादाने सांगितलं असतं," आई म्हणाली. "तो शिकलेला आहे."

जाईपर्यंत ती हेच मानत होती.