अबोल्यातलं इंग्रजी

कोल्हारच्या आमच्या घरात आई-दादांचा अबोला सुरू झाला की मला बढती मिळायची. दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर, आणि आई मला म्हणायची, "सांग तुझ्या बापाला, चहा झालाय." बाप तिथंच बसलेला, बहिरा नाही की काही नाही! तरी मी सांगायचे. मग ते म्हणायचे, "ठेव म्हनावं तुझ्या आईला."

त्यामुळे दहावीत इनडायरेक्ट स्पीच आलं तेव्हा सगळा वर्ग रडकुंडीला आलेला आणि मी जांभया देत होते. मॅडमनी बजावलं होतं, अक्यूजपुढे ऑफ, इन्सिस्टपुढे ऑन, अपॉलॉजाइजपुढे फॉर, आणि प्रत्येकाचं एक वाक्य घरातलं आणा. आमच्याकडे मालाला काय तोटा? आईनं दादांवर आरोप केला, ऑफ. दादा गरम भाकरीसाठी हटून बसले, ऑन. माफीचं वाक्य मात्र मिळेना. दादांच्या खानदानात कुणी माफी मागितली असेल तर शपथ!

त्या खेपेचं भांडण लई वाढलं होतं. आईचं शिलाई मशीन दादांनी तिला न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकलं होतं. त्या मशीनवर आईचा जीव. अठराव्या दिवशी मी शाळेतून आले, तर आई पिशवी भरत होती. बेलापूरला निघालेली, माहेरी.

"आता परत यायची न्हाई मी," ती म्हणाली.

"दादांनी माफी मागितलीय, मशीन दिल्याबद्दल," मी म्हणाले. "येताना मळ्यात भेटले मला." फॉरसकट, अगदी मॅडमना आवडेल अशी थाप.

"तोंडानं म्हनले?"

"व्हय, तोंडानं."

आई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. मला आनंद व्हायला हवा होता, पण संध्याकाळी दादा घरी आले की थाप उघडी पडणार होती.

त्यांना दारातच गाठून सगळं सांगायचं मी ठरवलं होतं. पण आई माझ्या आधी दारात. अठरा दिवसांनी पहिल्यांदा, मला मध्ये न घेता, ती थेट त्यांना म्हणाली, "चुकलं असं पोरीजवळ म्हनलात. माझ्याजवळ म्हनायला काय झालं हुतं?"

मेले, आता मेले! दादांनी माझ्याकडं बघितलं. मग भरलेल्या पिशवीकडं. पायातली चप्पलसुद्धा त्यांनी अजून काढली नव्हती.

"म्हनलो खरं," ते आईला म्हणाले. "चुकलंच माझं. उद्या आनतो मशीन."