खाटेचा चौथा कोपरा

देव हाकेसरशी धावून येतो, हे मी शिरपूरच्या आसपासच्या गावांत इतक्यांदा सांगितलं आहे की तिथल्या म्हशींनाही पाठ झालं असेल. इथल्या ख्रिस्ती मंडळीची बायबलबाई मी. सांगणं हेच माझं काम. पण राहेलअक्का गेली त्या दुपारी तिच्या उशाशी बसून मी मनात म्हणाले, आजवर मी लोकांना फसवलं.

अक्का आणि मी जोडीने गावं फिरायचो. ती पुस्तकातून वाचायची, मी गोष्ट रंगवायचे. बायबलातल्या योनाला गिळणारा मासा माझ्या तोंडी शिरपूरला शेपूट आणि शिंदखेड्याला डोकं ठेवून निजायचा. परतताना अक्का म्हणायची, "अगं, देवाचा मासा आहे, तुझ्या माहेरचा नाही. जरा आखूड कर." मग पुढच्या गावात तो नुसता तापीच्या रुंदीएवढा व्हायचा.

तापाची मोठी साथ आली तेव्हा घरोघरी पेज पोचवता पोचवता अक्काच आडवी झाली आणि उठलीच नाही. पाळकसाहेब धुळ्याला तापाने पडलेले, मंडळीतले पुरुष अंथरुणात. मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, नथूभाऊ तेवढे घोंगडी पांघरून, हुडहुडत ओट्यावर बसले होते. मजूर लावून खड्डा त्यांनी खणून घेतला होता, पण मजूर प्रेताला हात लावायला तयार नव्हते. मी म्हटलं, "भाऊ, अक्काला आम्ही बाया नेतो. प्रार्थना मी म्हणते."

"बायांनी कबरस्तानाच्या फाटकापर्यंत यायचं, ही रीत आहे. प्रार्थना पाळकाची. उद्यापर्यंत थांब."

"मी थांबेन, भाऊ. ऊन थांबेल का?"

त्यांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. नको म्हणाले नाहीत, हो तर नाहीच.

आम्ही निघालो. मी, बोर्डिंगात भाकरी भाजणारी मार्था आणि तिची जाऊ. उभं राहू शकेल अशी चौथी बाई मंडळीत नव्हती. अक्काला खाटेवर ठेवलं, पण तिघींनी खाट उचलली की चौथा कोपरा लोंबायचा आणि अक्का त्या बाजूला घसरायची. ज्वारीच्या शेताजवळ आम्ही खाट खाली टेकली. मार्था रडायला लागली. आयुष्यभर जिने दुसऱ्यांची दुखणी उपसली, तिला मातीपर्यंत न्यायला माणूस मिळू नये. मी देवाला हाक मारायला तोंड उघडलं, तर एरवी शेतातली पाखरं उडवणारा माझा आवाज फुटेचना. हाक मारायची ताकदच माझ्यात उरली नव्हती.

ज्वारीतून एक बाई बाहेर आली. कुणब्याची असावी; हातात विळा, डोक्याला फडकं.

"कोन शे वं?" कोण आहे गं ही, असं तिने अहिराणीत विचारलं.

"मन्ही अक्का," मी कसंबसं म्हटलं.

"मानसं कोठे शेतस?"

"बठ्ठा तापमां पडेल शेतस." सगळेच तापाने आडवे, हे मी तिच्याच बोलीत सांगितलं.

तिने खाटेकडे पाहिलं. आमची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. विळा कमरेला खोचला, चौथा कोपरा खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "चाल, माय."

फाटक कधी मागे पडलं ते मला कळलंच नाही. अक्काला खाली उतरवलं, आणि मी पुस्तक हातात घेऊन नुसती उभी राहिले. अक्षरं दिसत होती. वाचणारी तर खड्ड्यात होती. तेव्हा ती बाई हळूच म्हणाली, "काही बोल ना वं. तिले मुकीमुकी नको गाडू."

मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता बोलले. प्रभू, ही राहेल. ही तुझी होती, आमचीही होती. आता तू सांभाळ. एवढंच. मग चौघींनी माती लोटली.

मी डोळे पुसेपर्यंत ती बाई ज्वारीत परत गेली होती. पुढे कितीदा तरी त्या वाटेने गेले. ती पुन्हा दिसली नाही. नथूभाऊ बरे झाल्यावर बैठकीत त्यांनी विचारलं, "फाटकाच्या आत जायची परवानगी कोणी दिली?" मी म्हटलं, "खाटेने." त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुढचा विषय घेतला.

आता मी गावं एकटीच फिरते. मासा आखूड करायला सांगणारं कोणी नाही, म्हणून तो आपोआपच आखूड झाला आहे. दुःख मात्र तेवढंच आहे. लोक विचारतात, ती बाई देवदूत होती का? दुसरी एखादी गोष्ट असती तर मी तिला वेशीपासून वेशीपर्यंत पंख लावले असते. पण मला ठाऊक आहे ते एवढंच, की तिच्या अंगाला ज्वारीची कुसळं चिकटली होती आणि तिचा खांदा माझ्या खांद्याच्या उंचीचा होता. माझी हाक तोंडाबाहेर पडलीच नव्हती, तरी ती हाक पोचली. तिथून पुढचं मी देवावर सोडलं आहे.