लालासाब आणि आजऱ्याची लेथ

कोल्हापुरात जुनी मशीन हलवायची म्हटलं की लालासाबलाच बोलवायचं. चार पहारी, लोखंडी पाईपचे तुकडे आणि फुटका आवाज, एवढ्या भांडवलावर या माणसानं उद्यमनगरातल्या निम्म्या मशिनी इकडच्या तिकडं केल्या असतील. मशिनीखाली पाईप सरकवायचा, पहार लावायची आणि आरोळी ठोकायची, "चल गं माझी बाय!" उंबऱ्यात अडकली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार.

चौऱ्याहत्तर साली मी नोकरीला रामराम ठोकला आणि शनिवार पेठेत घराच्या पुढच्या सोप्यातच लोखंड कातायची लेथ टाकायचं ठरवलं. आजऱ्याला एक जुनी लेथ विकायला होती. ट्रक केला, लालासाबला घेतलं, गेलो. शेडचं दार उघडलं आणि हा बाबा दारातच थबकला. तोंड पांढरंफटक.

"नागाप्पा, ही नगा घिऊ. माझा हुसेन हिच्यावरच गेला. फिरत्या चकात मफलर गुंडाळला. मी पलीकडं हुतो. मशीन थांबवाया पुलीवरला पट्टा पाडाया धावलो, हात पोचला न्हाय."

हुसेन त्याचा थोरला. टर्नर होता, मशिनीवर गेला, हे मला ठाऊक होतं. मशीन हीच, हे नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या डोक्यानं एकदा धरलं की धरलं. म्हटलं, "चाचा, लोखंडाला काय कळतंय?"

"मग मीच हलवतो. दुसऱ्यानं न्हेली तर ही कुटं गेली, मला कसं कळंल?"

एरवी मशीन हलवणं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. त्या दिवशी आरोळी नाही, शिवी नाही. पाईप सरकवला आणि एवढी जड लेथ गुमान निघाली. माझ्या उंबऱ्यावर अडखळलीसुद्धा नाही.

"हिला आत यायची घाई हाय," लालासाब म्हणाला.

अंगावर काटा आला, आणि रागही आला. पहिल्याच दिवशी असलं बोलतात होय!

काम मात्र सोन्यासारखं. खोड एकच. मोटर बंद केली की चक थांबायचा आणि जरा वेळानं, कुणी हात न लावता, बोटभर माझ्याकडं फिरायचा. एक बाजू जड असेल म्हणून मी चक बदलला. नवा पण फिरला. माझी बायको रत्नव्वा सोप्यातून जाताना पदर खोचून जायला लागली.

लालासाब दर शुक्रवारी नमाज झाली की यायचा. चहा घ्यायचा, बंद मशिनीच्या पट्ट्यावर तळवा ठेवून बसायचा.

"अवो चाचा, हितं काय दर्गा हाय व्हय?" एकदा मी खेकसलोच.

तो हसला नाही. "बाह्या दुमडून काम करता न्हवं?" एवढंच विचारलं आणि गेला.

थंडीतली भर दुपार. लेथ चालू होती, मी पलीकडच्या भिंतीशी हत्यार घासत होतो. रत्नव्वा जेवायला बोलवायला आली आणि खाली पडलेला माझा टॉवेल उचलायला वाकली. पदर सुटला. चकानं तो धरला. एक वेढा, दुसरा, ती खेचली गेली. मी धावलो, पण स्विच लांब. माझा हात काही पोचणार नव्हता, हे मला पळतानाच कळलं.

आणि पट्टा पडला. कधीही न उतरलेला तो घट्ट पट्टा पुलीवरून खाली आला. मोटर नुसतीच गुरगुरत राहिली, चक थांबला. मी पदर कापला आणि बायकोला धरून ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात!

ती शुद्धीवर आल्यासारखी इकडंतिकडं बघायला लागली. "चाचा कुटं गेलं? आत्ता हितं पट्ट्यापाशी हुतं की!"

सोप्यात आम्ही दोघंच होतो. त्या दिवशी शुक्रवारही नव्हता.

मी तसाच बागवान गल्लीत पळालो. दारात त्याची बायको खैरुनबी होती. "सकाळपास्नं तापानं फणफणल्यात," ती म्हणाली. "हातरुणातनं उठलं न्हाईत. मगाशी झोपेतच वरडलं, अन् हाताला बघा की काय झालंय."

लालासाब पडून होता. उजवा हात गार पाण्याच्या पातेल्यात. त्यानं तो वर काढला. तळव्याची साल सोलून निघाली होती, बरोबर पट्ट्याच्या रुंदीची.

"नागाप्पा," त्यानं विचारलं, "ह्या खेपेला पोचला न्हवं हात?"

 मी त्याचे पाय धरले.