ओळीत उगवलेलं रान

मुंबईवर बॉम्ब पडणार या धास्तीने एका वकिलांनी आपलं बिऱ्हाड सोनईला हलवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. गावातल्या शाळेत मुलांना घालायचं त्यांच्या मनात नव्हतं, म्हणून घरी शिकवायला त्यांनी मला नगरहून बोलावून घेतलं. मी एकोणीस वर्षांची, सातवीची फायनल परीक्षा पास, आणि आपल्याला सगळं येतं याची मला पक्की खात्री.

दसरा झाला, पाऊस मागे हटला, सकाळी गवतावर दव दिसू लागलं, तसं तिन्ही मुलांचं ओसरीवर लक्ष लागेना. खरं सांगायचं तर माझंही लागत नव्हतं. मी भिक्षुकाच्या घरात वाढलेली. उंबरठ्याबाहेर पाऊल पडायचं ते शाळेत, देवळात जायला नाहीतर पाणी आणायला. मी हट्टच धरला, की सृष्टिज्ञान रानात शिकवीन. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शिकवा. पण एक तक्रार आली, की धडे पुन्हा ओसरीवर."

काय दिवस होते ते! आम्ही बांधावर पालथे पडून मुंग्यांची वाहतूक बघायचो, चतुरांच्या मागे धावायचो, तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या पाकळ्या मोजायचो. ओसरीवर पाढे म्हणताना जांभया देणारी सहा वर्षांची धाकटी रानात सगळ्यांच्या पुढे असायची. इतकी आनंदात मी तोवर कधीच नव्हते, आणि हे सुटू नये म्हणून मुलांना रोज ठरल्या वेळी घरी आणायची.

एके दिवशी मी फर्मान काढलं: प्रत्येकाने मुळासकट रोपं आणायची, वहीत दाबून वाळवायची. शेजारच्या शेतात जोंधळा नुकताच वर आला होता आणि कडेला रुंद, दातेरी पानांची रोपं एका रेषेत उभी होती.

"पाहा," मी म्हणाले, "रानातसुद्धा केवढी शिस्त! तणदेखील ओळीत उगवतं."

मुलांनी माना डोलावल्या आणि अर्धी ओळ उपटून काढली.

दुपारी शेताची मालकीण ओसरीवर हजर. पन्नाशीची, पदर खोचलेली, आवाज वेशीपर्यंत जाईल असा.

"वकीलसाहेब, माझी करडई कुनी उपटली? गुरं आत येऊ न्हाईत म्हनून कडंनं पेरली हुती. मोठी झाली की काटं येत्यात तिला."

वकिलांनी कोर्टात बसावं तसं बसून चौकशी आरंभली. मी तोंड उघडण्याआधी धाकटीने साक्ष दिली, "बाई म्हणाल्या, तण ओळीत उगवतं!"

मालकिणीने माझ्याकडे पाहिलं आणि ती जी हसत सुटली, की खाली बसली. माझे कान तापले. एरवी मी कुणाचं हसणं खपवून घेतलं नसतं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मुलांना काही बोलू नका."

"ठरलं तर," वकील म्हणाले. "उद्यापासून ओसरी."

मुलांचे चेहरे पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी वह्या गोळा करू लागले. तेव्हा मालकिणीनेच हसू आवरलं.

"आसं करू नगा, साहेब. वसरीवर करडई उगवती व्हय? तक्रार माझी हाय ना? मग शिक्षा बी मीच सांगते. उद्या पोरं धाडा, उपटलं तितकं बी लावून घेते. आन् ह्या बाईला बी धाडा. तिलाच लई गरज हाय."

वकिलांना हसू दाबता आलं नाही. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या सकाळी तिने आम्हा चौघांना वाकायला लावलं. बी किती खोल घालायचं ते बोटाच्या पेराने दाखवलं, माती कशी दाबायची ते हात धरून शिकवलं. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-दहा जागा. माझ्या बोटांना फोड आले आणि मला त्यांचा कोण अभिमान वाटला.

आठवड्याने बघायला गेलो. थोरलीची नऊ उगवली होती, मधल्याची आठ, धाकटीची दहाच्या दहा. माझी तीन. मी बी फारच खोल घातलं होतं. मालकीण पलीकडून येताना दिसली आणि मी उगाचच पदर सारखा करू लागले.

धाकटीने माझा हात ओढला आणि कानाशी येऊन म्हणाली, "बाई, माझ्यातली चार तुमची म्हणा."