पाणी मागणारे सर

सरांच्या खांद्यावरच्या पिशवीत ऐन उन्हाळ्यातसुद्धा पाण्याची बाटली नसायची. गावात शिरलो की पहिल्या घरासमोर उभे राहून ते म्हणायचे, "ताई, घोटभर पाणी देता का?" आम्ही विद्यार्थी लाजून इकडेतिकडे बघायचो. पाणी पिऊन झालं की प्रश्न सुरू. कोमट लागलं तर माठ कुठे गेला, खारं लागलं तर कोणत्या बोअरचं, गोड लागलं तर ते एवढ्या लांबून कोण आणतं. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणायच्या, "सर, एक दिवस पोट बिघडेल तुमचं." सर म्हणायचे, "बिघडू दे. तीही माहितीच आहे."

सोलापूरला आमच्या विद्यापीठात हवामान बदलावर एक प्रकल्प चालू होता. सर भूगोलाचे, मॅडम अर्थशास्त्राच्या, शिवाय वनस्पतिशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नसे. मग सर टेबलावर पेन आपटायचे. "होटगीच्या रेल्वे फाटकावर थांबलेल्या कोणालाही कळेल, असं सांगा."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आमची मेंढरं. म्हणूनच मेंढपाळांच्या घरांची पाहणी सरांनी माझ्याकडे दिली. ऊन वाढतंय, जनावरांना पाणी जास्त लागतंय, तर कोणत्या गावाला किती हौद हवेत हे आम्ही जिल्ह्याच्या आराखड्यासाठी कळवणार होतो. मी फॉर्म केला. पहिलाच प्रश्न : मेंढ्यांची संख्या.

प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, शंभर. माझे आप्पासुद्धा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिव्ह, शंभर." खरा आकडा तोंडातून काढला की कळपाला नजर लागते, असं आमच्याकडे मानतात. मला ते ठाऊक होतं. पण विद्यापीठात हे कसं सांगायचं? मी गुपचूप शंभर लिहीत गेले.

अहवाल सोमवारी जायचा होता. शनिवारी सरांनी फॉर्म चाळले आणि चष्मा काढला. "काय गं, सगळ्यांकडे शंभरच? तुझ्या आप्पांकडेही?"

मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे तक्ताच खोटा! कळप याहून मोठे असतील तर या हिशेबाने गावाला एकच हौद मिळेल आणि निम्मी जनावरं तहानलेली राहतील." मला वाटलं, संपलं आपलं शिक्षण.

सर फॉर्म गोळा करत म्हणाले, "सोमवारी काही पाठवायचं नाही. उद्या आप्पांच्या हातचं पाणी पिऊ."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तांब्या दिला. सर पाणी प्यायले, घोंगडीवर बसले आणि मेंढरांचा विषय न काढता म्हणाले, "आप्पा, कळप पाण्यावर आला की हौद कितींदा भरावा लागतो?"

"आसं इचारा की!" आप्पा खुलले. "दोनदा. आदी एकदा भरला की पुरायचा. आता ऊन लई झालंय." मग माझ्याकडे मान वळवून, "ही शानी नुसती आकडाच मागतीया."

मी सगळी घरं पुन्हा फिरले. पहिला प्रश्न बदलला होता : हौद कितींदा भरता? अहवाल महिनाभर उशिरा गेला. उशिराचं कारण लिहिताना सरांनी चूक स्वतःच्या नावावर घेतली. पुढच्या उन्हाळ्याआधी आमच्या माळावर दुसरा हौद बांधून झाला.

सर निवृत्त झाले त्या दिवशी आप्पा फेटा बांधून विद्यापीठात आले. आयुष्यात पहिल्यांदाच. सरांच्या खांद्यावर त्यांनी नवी घोंगडी घातली, मग पुढे वाकून कानात काहीतरी सांगितलं. सर एकदम गंभीर झाले. आप्पांचे हात त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, आकडा सांगितला ना?"

"सांगितला."

"किती?"

सरांनी घोंगडी नीट सारखी केली. "नोंद करायची नाही, असा शब्द दिलाय मी."

आता सरांच्या विभागात मीच शिकवते. आमची मेंढरं किती, ते मला अजून माहीत नाही.