कंपनीने बुजवलेलं बावखल

सांडोरच्या सदूभाऊंना कुणीही विचारावं, तुमच्या वाडीतलं बावखल, ते गोड्या पाण्याचं तळं, कुठे गेलं? उत्तर ठरलेलं: "कंपनीने बुजवलं." वर कंपनीला दोन शिव्या. कोळसा जाळून वीज काढणारी ही कंपनी पंचवीस वर्षांपूर्वी येणार येणार म्हणून गाजली आणि गावाने मोर्चे काढून तिला परत धाडली.

सून मेघना मात्र शहरातली, एव्हरशाईन सिटीच्या इमारतींत वाढलेली, शाळेत शिकवणारी. गावासाठी ती त्या लढ्याची पुस्तिका लिहीत होती. परवा जेवता जेवता तिने विचारलं, "बाबा, कंपनीची इथे एक वीटही लागली नाही. मग बावखल तिने कसं बुजवलं?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" सदूभाऊ डाफरले आणि भरल्या ताटावरून उठले.

भराव टाकून सपाट केलेल्या जागेला कंपनी जास्त भाव देणार, असं तेव्हा कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. अख्खा गाव मोर्चाला गेला, सदूभाऊ तापाचं सोंग घेऊन घरी राहिले. वडिलांनी, मधूअण्णांनी, स्वतः खणलेल्या त्या बावखलात दुपारपर्यंत त्यांनी मागवलेली बारा ट्रक माती पडली. कंपनी काही आली नाही. बावखल गेलं तसं जमिनीत गोडं पाणी मुरायचं थांबलं, समुद्राचं खारं पाणी आत सरकलं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत शेजारच्या क्लिफर्डची विहीर खारट झाली. त्याच्या केळी उभ्या करपल्या. आणि आता आपलं खोटं सुनेच्या नावाने छापून घरोघर जाणार, या विचाराने सदूभाऊंना रात्रभर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ते क्लिफर्डच्या वाडीत गेले. तो टँकरच्या पाण्याने केळी शिंपत होता.

"क्लिफर्ड, बावखल कंपनीने नाही बुजवलं. मी बुजवलं."

"माईत हाय," पाइप न सोडता तो म्हणाला. "आय घरीच होती त्या दिवशी, आजारी. खिडकीतून तिने सगळे ट्रक बघितले."

"मग इतकी वर्षं माझ्यासमोर कंपनीला शिव्या का घालत आलास?"

"तुमच्या नावाने घातल्या असत्या, तर रोज एकमेकांचं तोंड कसं बघितलं असतं, सदूभाऊ?"

सदूभाऊंना तिथे उभं राहवेना. त्यापेक्षा त्याने चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन ते मेघनासमोर बसले. "लिही. बावखल बुजवलं ते मी. पूर्ण नाव घाल."

"सांगा, बाबा."

"सदानंद," ते म्हणाले. पुढे बावखल खणणाऱ्या वडिलांचं नाव घ्यायचं होतं. मेघना पेन धरून थांबली. किती तरी वेळ त्यांच्या तोंडून ते नाव निघेना.