हिरव्या शाईतलं नाव

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. चकवा, पांढरी साडी, मागे वळून बघितलं तर कोणीच नाही... चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढलेल्या बाईला हे पचत नाही. ऑफिसात एक आजोबा यायचे, म्हणायचे, "मॅडम, ही जमीन आमच्या आज्याला देवीनं सपनात दिली." मी म्हणायचे, देवीनं फेरफार केला होता का? कागद दाखवा!

तेव्हा खाली जे लिहिते आहे ते वाचून कुणी मलाच "कागद दाखवा" म्हटलं, तर माझी हरकत नाही. कागद आहेत. अडचण कागदांचीच आहे.

मी नलिनी. वय चौसष्ट, मुक्काम बारामती. लग्न केलं नाही, का ते विचारायचं नाही. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, मी आमच्या भावकीचं "खबरपत्र" सुरू केलं. आमची माणसं इंदूर, बेळगाव, बडोदा, नागपूर अशी पांगलेली. दोघं तर कॅनडात. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, पण त्यावर रोज सकाळी इतकी फुलं येतात की कुणाकडे बारसं झालं आणि कुणाचा गुडघा बदलला हे त्या फुलांखाली दबून जातं. शिवाय म्हाताऱ्यांना हातात कागद लागतो. म्हणून महिन्यातून एकदा मी दोन पानं टाइप करते, भिगवण चौकातल्या दुकानातून तेवीस प्रती काढते, बावीस पोस्टात टाकते आणि एक फाइलला लावते.

प्रत्येक प्रतीवर शेवटी सही करते. हिरव्या शाईनं. नोकरीत हिरवी शाई साहेबांची, आम्ही जन्मभर निळ्यात. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन हिरवा पेन घेतला. आता कोण काय करणार आहे?

गेल्या वर्षी आमच्या चुलतभावानं, तात्यांनी, एक टूम काढली. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, घराण्यातले थोरले. इंदापूरच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथे ते राहतात. वस्तीवरच्या म्हसोबाच्या देवळात दसऱ्याच्या आत ग्रॅनाइटची पाटी बसवायची आणि तिच्यावर घराण्याची वंशावळ कोरायची. वंशावळ लिहिणार कोण? अर्थात मी. जुनी मोडी वाचता येणारी घरात मीच.

मी आनंदानं कामाला लागले. पणजोबा रावजींपासून खाली एकेक चौकोन, त्याखाली रेघ, पुन्हा चौकोन. मुलगे लिहिले, मुली लिहिल्या, सुना लिहिल्या. कच्चा आराखडा घेऊन वस्तीवर गेले. तात्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि म्हणाले,

"नले, ह्या पोरींची नावं कशापायी? त्या गेल्या दुसऱ्याच्या घरी. तितं लिवतील त्यास्नी."

"मी कुठं गेले तात्या?"

वहिनींनी चहा आणून ठेवला, तो आम्ही दोघांनी प्यायला.

मी विचारलं, "आणि पणजोबांची पहिली बायको? तिचं नाव काय होतं?"

"कुणाला ठावं. थोरली म्हणायची समदी. तिला पोरबाळ न्हवतं. वंश पुढं गेला न्हाय, मंग वंशावळीत कशाला?"

ही थोरली लवकर वारली. मग पणजोबांनी दुसरं लग्न केलं, आम्ही सगळे त्या दुसरीचे. पण आपल्याकडे एक रीत आहे. दुसरेपणाची बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते. टाक म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती. माझी पणजी सवतीचा तो टाक मरेपर्यंत गळ्यात वागवत होती. ती गेल्यावर तो तात्यांच्या देव्हाऱ्यात आला. म्हणजे दर दसऱ्याला जिला घासूनपुसून देवात बसवायचं, जिला नैवेद्य दाखवायचा, तिचं नाव कुणाला ठाऊक नाही आणि पाटीवर तिला जागाही नाही!

खरं सांगते, मला तिचा इतका पुळका का आला ते तेव्हाच कळलं होतं. तात्यांच्या नियमानं मीही कुठेच बसत नव्हते. मुलगी म्हणून माहेरच्या पाटीवर नाही, सासर नाही, आणि माझ्याखाली रेघ ओढायला कुणी नाही. आज थोरली गळाली, उद्या मी गळणार. आणि ग्रॅनाइटवर एकदा राहिलेलं राहिलंच.

म्हणून पुढच्या खबरपत्रात मी तात्यांना न विचारता वंशावळीचा मसुदा छापला. पणजोबांच्या शेजारी एक रिकामा चौकोन ठेवला आणि खाली लिहिलं, "पहिली पत्नी. नाव माहीत असल्यास कळवावे." तेवीस प्रती काढल्या. दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक प्रत तपासली, सही केली, घडी घातली. हे मी शपथेवर सांगते – तेवीसच्या तेवीस प्रतींत तो चौकोन रिकामा होता. तपासल्याशिवाय कागद पुढे सरकवायची मला सवयच नाही.

तात्यांचा फोन आला. "नले, भावकीत माझी शोभा केलीस!" मी म्हटलं, "शोभा नाही, चौकशी केली." त्यांनी फोन आपटला.

चार दिवसांनी इंदूरहून फोन. माझी शकुंतलाआत्या तिथे असते, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, यजमान गेलेले, मूल नाही. पुतण्याची बायको तिला सांभाळते. ती सून म्हणाली, "नलूताई, कळवा म्हणून लिहिलंय, पण नाव तर तुम्हीच लिहून पाठवलंय की."

"कसलं नाव?"

तिनं फोटो पाठवला. रिकाम्या चौकोनात हिरव्या शाईनं लिहिलं होतं – झुंबर.

अक्षर माझं. माझंच. अनुस्वाराला मी टिंब देत नाही, बारीक गोल काढते. रजिस्टरं भरून भरून लागलेली खोड. तो गोलही तिथे होता.

मला पहिल्यांदा राग आला. भीती नंतर. म्हटलं, कोणीतरी थट्टा करतंय. तोवर बेळगावहून मनोहरकाकांचा मेसेज. काका ब्रह्मचारी, एकटे राहतात, कमी बोलतात. "झुंबर हे नाव छान आहे. कुठे सापडले?"

मी उठून फाइल काढली. माझ्या स्वतःच्या प्रतीत, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला... तिथेही हिरवं "झुंबर".

मग मी ऑफिसात करायचे तसंच केलं. सगळ्यांना फोन करून आपापल्या प्रतीचा फोटो मागवला. तात्यांनी दिला नाही, वहिनींनी गुपचूप पाठवला. वीस प्रतींत चौकोन कोरा. तीन प्रतींत नाव. आत्या, काका आणि मी. वंशावळ समोर ठेवून बघत बसले तेव्हा लक्षात आलं. तेवीस जणांत आम्ही तिघंच असे आहोत ज्यांच्या चौकोनाखाली रेघ नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हीच लिहिलंत आणि विसरलात. माझा भाचाही हेच म्हणाला, जरा हळू आवाजात. मी तडक डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मी दोनपर्यंत पोचल्यावर त्यांनीच थांबवलं, म्हणाले, "मावशी, तुम्ही माझी परीक्षा घेताय." पण घटकाभर धरून चालू, की हात माझाच होता. मग नाव कुठून आलं? आमच्या घरात, नात्यात, शेजारात मी कधी झुंबर नावाची बाई ऐकलेली नाही. विसरायला आधी माहीत असावं लागतं ना?

आता एकच जागा उरली होती. जुन्या काळी गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या वहीत लिहीत. त्या वह्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. हल्ली जुन्या नोंदी शोधायला लोकांची रीघ लागते, म्हणून बासनं सोडून ठेवलेली होती. माझी सगळी नोकरी बारामतीत झाली. इंदापूरच्या त्या वह्यांना मी जन्मात हात लावला नव्हता. अर्ज केला आणि सकाळी दहाला जाऊन बसले. मोडीतली बारीक, घाईघाईची ओळ न् ओळ वाचत गेले. दुपारी तीनच्या सुमाराला बोट थांबलं.

रावजी, त्याच्या बापाचं नाव, वस्ती... सगळं आमचं. "याची बायको झुंबर, उमर एकोणीस, बाळंतरोगाने मयत." आणि लगेच पुढची ओळ, "सदर इसमाची मुलगी, उमर दिवस तीन, नाव नाही, मयत."

शिपायानं पाणी आणून दिलं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी तिच्यावर चिडायलाही होत होतं. म्हटलं, बाई गं, नाव हवं होतं तर सरळ मागायचंस, माझं अक्षर कशाला घेतलंस? मग वाटलं, तिला स्वतःला लिहिता कुठे येत होतं!

नक्कल घेऊन त्याच दिवशी वस्तीवर गेले. तात्या ओट्यावर बसले होते. कागद त्यांच्यापुढे ठेवला, मोडी त्यांना येत नाही म्हणून वाचून दाखवला. तीन प्रतींचं तोवर त्यांच्या कानावर आलंच होतं.

"ते हिरवं तूच लिवलं असशील," ते म्हणाले.

"असेन. पण हे मी लिहिलेलं नाही ना? यावर शिक्का आहे."

त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग त्यांचा आवाज उतरला. "पोरगी झाली व्हती व्हय तिला... आमाला कुनी सांगितलंच न्हाय. पोरबाळ न्हाय, पोरबाळ न्हाय, हेच ऐकत आलो. मंग लिव की. वंश व्हता म्हनायचा तिचा."

मी जिंकले होते. गप्प बसून कागद उचलायचा आणि घरी यायचं. पण माझं डोकं आणखीच फिरलं.

"नाही तात्या. पोरगी झाली म्हणून नाही लिहायचं. ती होती म्हणून लिहायचं. तिला काही झालं नसतं तरी लिहायचं. मला काही झालं नाही, माझंही लिहायचं!"

असं मी आयुष्यात त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तात्यांनी मान फिरवली. उंबऱ्यात वहिनी उभ्या होत्या. पन्नास वर्षांत मी त्यांना तात्यांपुढे तोंड उघडताना पाहिलेलं नाही.

"लिवा," त्या म्हणाल्या. "तिचं बी लिवा आन् नलूताईंचं बी. पन्नास वरसं त्या टाकाला चिंच लावून घासतीया मी. कुनाला घासतीया ते ठावं न्हवतं. आज कळलं. न्हाय लिवलं तर ह्या दसऱ्याला देव तुमीच घासा."

तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या घरात माझं कोन ऐकतंय?" आणि चहा टाकायला सांगितला.

पाटी दसऱ्याला बसली. मुली धरल्यामुळे एका फरशीत मावेना, दोन लागल्या. रावजींच्या शेजारी झुंबर. तिच्याखाली रेघ आणि चौकोनात नुसतं "मुलगी". कोरणाऱ्यानं दोनदा विचारलं, नाव राहिलंय का? म्हटलं, नव्हतंच; तसंच ठेवा. चौथ्या ओळीत मी आहे. माझ्याखाली काही नाही आणि ते तसंच छान दिसतं. शकुंतलाआत्याला व्हिडिओ कॉलवर पाटी दाखवली. ती फोनच्या काचेवर बोट ठेवून स्वतःचा चौकोन शोधत राहिली आणि सापडल्यावर लहान मुलीसारखी हसली.

त्यानंतर प्रत्येक महिन्याला मी तेवीस प्रती बारकाईनं तपासते. एकीतही सहीखेरीज हिरवं अक्षर आलेलं नाही. त्याचं मला थोडं वाईट वाटतं, हेही कबूल करते.

चौतीस वर्षं लोकांकडे पुरावा मागितला. आता माझ्याकडे तीन कागद आणि एक शिक्क्याची नक्कल आहे, आणि तरी मला काही सिद्ध करता येत नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मीही हसायचेच. फक्त कधी इंदापूरकडे आलात तर आमच्या म्हसोबाला या आणि तिचं नाव एकदा मोठ्यानं वाचा. फार वर्षं कुणी वाचलेलं नाही.